पेटी घेऊन निघालेला माणूस : गोविंदराव टेंबे

(तृतीय वर्ष, इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन)

आपल्या हॉस्टेलवर हल्ली संगीतकारांची संख्या वाढली आहे. पूर्वी एखादा गिटारवाला असायचा, आता प्रत्येक मजल्यावर मोबाईलवर गाणं तयार करणारा एकतरी आहे. ताल मोबाईलमध्ये, बेस मोबाईलमध्ये, सगळा वाद्यवृंदच मोबाईलमध्ये! फक्त काचेवर बोटं आपटून चाल वाजवायला मजा येत नाही. मग सुरू होते ती एकच चर्चा. छोटा मिडी कंट्रोलर कोणता घ्यावा? पंचवीस पट्ट्यांचा की एकोणपन्नास? कोर्गचा नॅनोकी की आकाईचा एमपीके मिनी? सकाळच्या विरार लोकलमध्ये जिथे माणूस नीट मावत नाही, तिथे वाद्य कसं मावायचं?

प्रश्न अगदी आजचा वाटतो ना? पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. हातात धरून नेता येईल असं पट्ट्यांचं वाद्य हवं, तर त्यासाठी काय सोडावं लागतं आणि जे उरतं त्यात किती करता येतं, हे महाराष्ट्रात एका माणसाने सगळं आयुष्य घालून दाखवलं. त्यांचं नाव गोविंदराव टेंबे. आमच्या पिढीतल्या बऱ्याच जणांना हे नाव नाट्यसंगीताच्या एखाद्या कार्यक्रमात निवेदकाच्या तोंडून ऐकून माहीत असतं, त्यापलीकडे नाही. निदान माझ्यासारख्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेल्यांना तर नाहीच. म्हणून हा लेखप्रपंच.

गोविंद सदाशिव टेंबे यांचा जन्म ५ जून १८८१ रोजी कोल्हापूरजवळच्या सांगवडे गावी झाला. ते वाढले कोल्हापुरात. त्या काळचं कोल्हापूर म्हणजे कुस्ती आणि गाणं या दोन गोष्टींचं माहेरघर. १८८३ साली तिथे देवल क्लब सुरू झाला होता. नाव क्लब, पण तिथे चालायचं ते गाणं. मोठमोठे गवई तिथे येऊन गात आणि गावातली रसिक मंडळी रात्र रात्र बसून ऐकत. पुढे १८९५ च्या सुमारास शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँसाहेब आले आणि कोल्हापूरचं नाव सगळ्या हिंदुस्थानात गाजू लागलं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या कानावर घराजवळच असं गाणं पडत असेल, तर त्याचं डोकं पुस्तकात कसं राहणार?

या मुलाने वाद्य निवडलं ते मात्र सतार नाही, सारंगी नाही, बीन तर नाहीच. त्याने निवडली हार्मोनियम, म्हणजे आपली साधी पेटी. इथे थोडं थांबून या पेटीची जन्मकथा सांगायला हवी, नाहीतर या निवडीत काय जोखीम होती ते कळणार नाही.

हार्मोनियम मूळची फ्रान्सची. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या अलेक्झांडर दबँ यांनी तिचं पेटंट घेतलं. ते वाद्य टेबलाएवढं होतं. खुर्चीवर बसायचं, पायाने भाता मारायचा आणि दोन्ही हातांनी वाजवायचं. मिशनरी मंडळींबरोबर ते आपल्याकडे आलं. पण आपलं गाणं चालतं जमिनीवर, सतरंजीवर बसून. मग कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ नंतरच्या काळात ते वाद्य कापून छोटं केलं. पाय काढले आणि भाता मागच्या बाजूला आणला. एका हाताने हवा भरायची, दुसऱ्या हाताने वाजवायचं. दोन हातांतला एक हात गेला, पण पेटी मांडीशी आली. बैलगाडीत, आगगाडीत, कुठेही नेता येऊ लागली. आजच्या भाषेत सांगायचं तर मोठ्या स्टुडिओ कीबोर्डची ही पोर्टेबल आवृत्ती!

नाटक कंपन्यांना आणि कीर्तनकारांना हे वाद्य फारच सोयीचं पडलं. सारंगी लावायला वेळ लागतो, आणि हवा बदलली की तारा उतरतात. पेटीला लावायची भानगडच नाही. उघडली की सूर तयार. म्हणूनच ती गावोगाव पोचली आणि म्हणूनच मोठ्या गवयांच्या बैठकीत तिच्याकडे नाक मुरडून बघितलं जायचं. सहज मिळणाऱ्या गोष्टीला मान कमी असतो, हे काही नवीन नाही.

पण नाक मुरडण्यामागे एक खरं कारणही होतं, आणि ते आपल्या शाखेच्या मुलांना चटकन कळेल. पेटीची एक पट्टी म्हणजे पितळेची एक पातळ जीभ. तिची कंपनसंख्या बनवतानाच ठरलेली. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत जाताच येत नाही, म्हणजे मींड नाही. दुसरी गोष्ट, पेटीचे सूर पाश्चात्त्य पद्धतीने सप्तकाचे बारा समान भाग करून लावलेले असतात. समजा सा २४० हर्ट्झचा धरला, तर तानपुऱ्याशी एकजीव होणारा शुद्ध गंधार बरोबर ३०० हर्ट्झवर येतो. समान भागांच्या पेटीवर तोच गंधार साधारण ३०२.४ हर्ट्झवर जातो. तुमच्या-माझ्या कानाला फरक कळणारही नाही, पण तानपुऱ्यात मुरलेल्या गवयाला तो दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

या दोषावर उपाय करायचा प्रयत्नही आपल्याकडेच झाला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि इंग्रज न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला आणि १९११ च्या सुमारास लंडनमध्ये श्रुतींची खास पेटी बनवून घेतली. अभ्यास म्हणून ते काम फार मोठं होतं. पण वाढलेल्या सुरांची ती पेटी रोजच्या बैठकीत रुळली नाही. साधी बारा सुरांची पेटीच जिंकली. सोय जिंकली म्हणा, किंवा सवय जिंकली म्हणा.

गोविंदरावांनी हे सगळं माहीत असताना साधी पेटीच धरली. ती त्यांना कुणी हात धरून शिकवली नाही, बरीचशी ते स्वतःच शिकले. त्यांची खरी शाळा म्हणजे देवल क्लबच्या बैठका आणि मोठ्या गवयांची साथ. भास्करबुवा बखले यांच्याशी त्यांचा निकट संबंध आला. अल्लादिया खाँसाहेबांचे ते गंडा बांधलेले शिष्य नव्हते, पण जयपूर गायकीचं मर्म त्यांनी खाँसाहेबांच्या सहवासात, ऐकून ऐकून आत्मसात केलं. विचार करा, जी गायकी गुंतागुंतीची म्हणून प्रसिद्ध, भल्याभल्यांना जिची तान कुठून सुरू होते आणि कुठे उतरते ते उमगत नाही, ती हा माणूस एका हाताने भाता मारत दुसऱ्या हाताच्या बोटांत पकडायला बघत होता.

साथ करणं म्हणजे सावलीसारखं चालणं. गवई पुढे, पेटी अर्ध्या पावलाने मागे. गवई काय गाणार ते आधीच कळलं पाहिजे आणि तरी त्याच्या पुढे जाता कामा नये. जिथे गवई मींड घेतो तिथे पेटीने मुकाट्याने बाजूला व्हायचं, कारण ते तिचं काम नाही. जिथे तो श्वास घेतो तिथे सूर धरून ठेवायचा. पेटी काय करू शकत नाही हे ज्याला नेमकं कळलं, त्यालाच साथ जमते. आणि भात्याचं काम तर बघायलाच नको. पेटीची पट्टी जोरात दाबा नाहीतर हळू, आवाज तेवढाच येतो. आवाज लहान-मोठा होतो तो डाव्या हाताच्या हवेने. म्हणजे पेटीचा जीव पट्ट्यांत नाही, भात्यात आहे.

गोविंदराव साथीवर थांबले नाहीत. पेटी एकटीही वाजू शकते, राग मांडू शकते, हे त्यांनी बैठकीत वाजवून दाखवलं. स्वतंत्र हार्मोनियमवादन ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी रुजवली त्यात त्यांचं नाव अगदी वरच्या ओळीत आहे. पुढे पी. मधुकर आणि तुळशीदास बोरकर यांनी ती वाट आणखी लांब नेली, आणि २०१६ साली बोरकरांना पद्मश्रीही मिळाली. पण वाट पाडणाऱ्यांत टेंबे होते.

आता येतो त्यांच्या आयुष्यातला मोठा दिवस. १२ मार्च १९११. मुंबईत किर्लोस्कर नाटक मंडळीच्या नव्या नाटकाचा पहिला प्रयोग. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, संगीत मानापमान. भामिनीच्या भूमिकेत बालगंधर्व. आणि चाली बांधल्या होत्या गोविंदराव टेंबे यांनी. वय वर्षं एकोणतीस! त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली आणि तरीही त्यांनी प्रयोग रद्द होऊ दिला नाही, ही गोष्ट महाराष्ट्राला ठाऊक आहे. त्या दु:खाच्या दिवशी बालगंधर्व जे सूर गायले, ते या पेटीवाल्याने बांधलेले होते, हे मात्र फार कुणाला आठवत नाही.

मानापमानच्या चालींत नवीन काय होतं? तोपर्यंतच्या नाटकांत कीर्तनाच्या, साकी-दिंडीच्या आणि जुन्या ओळखीच्या चाली बऱ्याच असत. टेंब्यांनी उत्तरेकडची ठुमरी, दादरा, कजरी यांचा लडिवाळ ढंग मराठी पदांत आणला. पूरब अंगाचं हे गाणं तोपर्यंत इथल्या साध्या प्रेक्षकाच्या वाट्याला आलंच नव्हतं. आता चार आण्याच्या तिकिटावर पिटात बसणाराही ते गुणगुणत घरी जाऊ लागला. आज शंभर वर्षांनंतरही या नाटकाची पदं गायली जातात. एखादी चाल एवढी टिकते, याचा अर्थ ती बांधणाऱ्याने फक्त रागच ओळखला नव्हता, गाणाऱ्याचा गळाही ओळखला होता.

मला यात एक गंमत वाटते. गोविंदराव चाल बांधायचे ते पेटीवर, आणि गायचे ते बालगंधर्व, ज्यांच्या गळ्यात पेटीला न येणारं सगळं होतं. पेटी सांगाडा देणार, गळा त्यात रक्त-मांस भरणार. म्हणजे वाद्याच्या मर्यादेचंच त्यांनी कामाच्या वाटणीत रूपांतर केलं. स्वतःच्या वाद्याला जे येत नाही ते दुसऱ्याकडून करून घ्यायला मोठं मन लागतं.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे या तिघांनी किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. पुढे ही कंपनी महाराष्ट्राच्या कौतुकाचा विषय झाली, पण टेंबे तिथे फार काळ राहिले नाहीत. काही वर्षांतच ते बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची शिवराज नाटक मंडळी उभी केली. नाटकं लिहिली, चाली दिल्या, भूमिकाही केल्या. पण गंधर्व मंडळीचं जे वैभव आपण ऐकतो, ते त्यांच्या कंपनीच्या नशिबी आलं नाही. भागीदारीत सुरू केलेली कंपनी मागे सोडून पुन्हा शून्यापासून सुरुवात करायची, हे सोपं नसतं. स्टार्टअपच्या गप्पा मारणाऱ्या आपल्या मित्रांनी हा भाग जरूर लक्षात ठेवावा.

काळ बदलत होता. १९३१ साली आलम आरा आला आणि पडदा बोलू लागला. नाटक कंपन्यांना घरघर लागली. त्यांच्या पिढीतले पुष्कळ कलावंत तिथेच थांबले. गोविंदराव थांबले नाहीत. कोल्हापुरातच १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी निघाली होती. व्ही. शांताराम यांनी १९३२ साली अयोध्येचा राजा हा मराठी बोलपट काढला, त्याचं संगीत टेंब्यांचं. एवढंच नाही, तर राजा हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच! समोर तारामती म्हणून दुर्गा खोटे. वयाच्या पन्नाशीत हा माणूस बोलपटाचा नायक आणि संगीतकार, दोन्ही झाला. त्याच वर्षी माया मच्छिंद्रमध्येही त्यांनी संगीत दिलं आणि मच्छिंद्रनाथाची भूमिका केली. १९३३ च्या सैरंध्रीचं संगीतही त्यांचंच.

त्या वेळच्या रेकॉर्डिंगची कल्पना करा. प्लेबॅक हिंदुस्थानात आला तो १९३५ साली. त्याआधी नटाने कॅमेऱ्यासमोरच गायचं आणि वादकांनी कॅमेऱ्यात न दिसता, पण माईकला ऐकू येईल अशा बेताने वाजवायचं. एक सूर चुकला की पूर्ण शॉट पुन्हा. ट्रॅक वेगळा करणं नाही, अनडू नाही, काहीच नाही. आपण बावीस वेळा तोच लूप रेकॉर्ड करून तेविसाव्या वेळी वैतागतो, तेव्हा या मंडळींना मनातल्या मनात नमस्कार करायला हरकत नाही.

आणि मग आला १ मार्च १९४०. या दिवसापासून ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. जॉन फोल्ड्स नावाच्या इंग्रज संगीतकाराने, जो दिल्ली रेडिओवर पाश्चात्त्य संगीताचं काम बघत होता, पेटीविरुद्ध आधीच लिहिलं होतं. रेडिओचे प्रमुख लायोनेल फील्डन यांचंही मत तेच. रवींद्रनाथ टागोरांनीही पेटीच्या विरोधात आपलं वजन टाकलं. कारणं वर सांगितलेलीच: मींड नाही, बारा सूर ठराविक, आणि वाद्य परदेशी. मौज अशी, की हिंदुस्थानी संगीतातून परदेशी वाद्य हाकलायला पुढाकार घेणाऱ्यांत दोन इंग्रज होते!

तेव्हा गोविंदराव अठ्ठावन्न वर्षांचे होते. ज्या वाद्यावर आयुष्य उभं केलं, ते वाद्य देशाच्या सगळ्यात मोठ्या व्यासपीठावर बेकायदेशीर ठरलं. बंदी काही थोड्या दिवसांची नव्हती. स्वातंत्र्य आलं, इंग्रज गेले, बंदी राहिली. ती सैल व्हायला १९७१ साल उजाडावं लागलं. गोविंदराव ९ ऑक्टोबर १९५५ रोजी गेले. म्हणजे पेटीला रेडिओवर पुन्हा मान मिळाल्याचं त्यांनी पाहिलंच नाही.

पण या मधल्या वर्षांत ते हातावर हात ठेवून बसले नव्हते. लेखणी होती ना! माझा संगीत व्यासंग आणि माझा जीवनविहार ही त्यांची पुस्तकं, शिवाय अल्लादिया खाँसाहेबांचं चरित्र. ज्या काळात गवयांचं आयुष्य फक्त आठवणीत राहायचं आणि त्यांच्याबरोबर संपायचं, त्या काळात त्यांनी ते मराठीत लिहून ठेवलं. त्यांनी संगीतिकाही लिहिल्या. साथीदाराला एक गोष्ट मिळते जी मुख्य गवयाला मिळत नाही. तो सगळ्यांच्या अगदी शेजारी बसलेला असतो. टेंब्यांनी त्या शेजारी बसण्याचं सोनं केलं.

आता मुद्द्यावर येऊ. या चरित्राचा आणि आपल्या कंट्रोलरचा संबंध काय? माझ्या मते अगदी जवळचा.

पहिली गोष्ट, वाद्य कुठे वाजवणार ते आधी ठरवा. घोषबाबूंनी पेटीचे पाय काढले कारण गाणं सतरंजीवर होतं. आपलं गाणं हॉस्टेलच्या कॉटवर आणि लोकलमध्ये होणार असेल, तर पंचवीस पट्ट्या पुरतात. सप्तक वर-खाली करायचं बटण असतंच. साध्या पेटीला साडेतीन सप्तकं म्हणजे बेचाळीस पट्ट्या असतात, आणि उजवा हात एकटाच त्या सांभाळतो. दोन्ही हातांनी वाजवायचं असेल तरच एकोणपन्नासच्या मागे लागा, आणि मग तो खोलीवरच ठेवा.

दुसरी गोष्ट, वाद्य काय करू शकत नाही ते माहीत करून घ्या. मिडी कंट्रोलर स्वतः मुका असतो, आवाज सगळा मोबाईलमध्ये. त्यामुळे तो वेगळ्या ड्रायव्हरशिवाय थेट चालणारा आणि मोबाईलच्या वीजेवर भागणारा हवा. ब्लूटूथ हेडफोन लावले तर पट्टी दाबल्यावर आवाज उशिरा येतो, ताल हातातून निसटतो. वायरवालेच बरे.

तिसरी गोष्ट, आपल्या गाण्याला मींड लागते. १९८३ साली मिडी आलं, त्यात सूर वाकवण्याची सोय आहे, तीही १६,३८४ बारीक पायऱ्यांची. म्हणजे देवल आणि क्लेमंट्स ज्याच्यासाठी लंडनपर्यंत गेले, ते आता अंगठ्याखाली आहे. पण सगळ्याच कंट्रोलरांना त्यासाठी चाक नसतं. काहींना नुसती दोन बटणं असतात, काहींना छोटी कांडी, काहींना बोट सरकवायची पट्टी. मराठी गाणं वाजवायचं असेल तर चमकणारे पॅड किती आहेत हे नंतर बघा, आधी हे बघा. आणि एखादी नॉब किंवा सरकपट्टी आवाजाच्या चढ-उताराला जोडून डाव्या हातात ठेवा. तो तुमचा भाता!

या विरारच्या पट्ट्यात आपण सुरांच्या बाबतीत नशीबवान आहोत. आगाशी-नंदाखालच्या चर्चमध्ये क्वायर आहे, जीवदानीच्या पायथ्याशी भजनाची पेटी आहे, आणि लोकलच्या डब्यात टाळ घेऊन चढणारी भजनी मंडळं आहेत. या मंडळींनी कधी वाद्याची तुलना करणारे तक्ते केले नाहीत. जे बरोबर नेता येतं, ते घेतलं आणि सूर लावला.

गोविंदराव टेंब्यांकडे उत्तम वाद्य नव्हतं. टीकाकारांचं ऐकाल तर आपल्या संगीताला सगळ्यात अयोग्य वाद्य होतं. टीकाकारांचा हिशेबही चुकीचा नव्हता, ३०२.४ हे ३०० नव्हेच. पण त्या २.४ हर्ट्झच्या फरकातून मानापमान अडलं नाही, अयोध्येचा राजा अडला नाही. तेव्हा मित्रांनो, कंट्रोलर जरूर पारखून घ्या. एक आठवडा पारखा, फार तर दोन. त्यानंतरची सगळी वर्षं मात्र वाजवण्यासाठी ठेवा.